क्रूझच्या सहलीत बंदरे आपली आपण पाहावीत

प्रति,
मा. संपादक,

स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत क्रूझ सहलींवर आलेला लेख वाचला. जहाजावरील खोल्यांचे प्रकार, जेवणाची चंगळ, पोहण्याचे तलाव आणि रात्रीचे करमणुकीचे कार्यक्रम यांची त्यात भरपूर माहिती आहे. परंतु जहाज ज्या बंदरांना लागते त्यांच्याबाबत, किनाऱ्यावरच्या सहलीही कंपनीकडूनच आधी आरक्षित करून निश्चिंत व्हावे, एवढाच सल्ला देऊन लेखकाने विषय आटोपता घेतला आहे. हा सल्ला मला पटत नाही. मुले मार्गी लागल्यावर दोघांनीच प्रवासाला निघणारी जोडपी आता आमच्या रत्नागिरी जिल्ह्यातही गावोगाव आहेत. त्यांना बंदरे स्वतः हिंडून पाहणे मुळीच अवघड नाही, किंबहुना क्रूझच्या सहलीत घेण्यासारखे तेच आहे, असे माझे मत आहे. माझी सारी नोकरी एसटीत वाहतूक नियंत्रक म्हणून झाली. निवृत्तीनंतर मी आणि माझी पत्नी मुंबईहून सुटणाऱ्या जहाजाने गोवा, कोची आणि लक्षद्वीप, व पुढे सिंगापूरहून सुटणाऱ्या जहाजाने पेनांग आणि फुकेत असे फिरलो, आणि जेथे शक्य होते तेथे धक्क्याबाहेर आमचे आम्हीच पडलो. त्या आधारावर लिहितो आहे. पत्र लांबले आहे, पण तपशिलावाचून या विषयात अर्थ नाही.

सहल ठरवताना बहुतेक जण आधी जहाज पाहतात. माझ्या मते आधी बंदरे पाहावीत आणि जहाज मागाहून. माहितीपत्रकात शहराचे नाव मोठ्या अक्षरांत असते आणि जहाज लागते भलतीकडेच. रोम म्हणून जे बंदर दाखवतात ते असते चिवितावेक्किया, आणि तेथून रोम सुमारे ८० किलोमीटर आहे. फ्लॉरेन्ससाठी जहाज लिव्होर्नोला लागते. तेथूनही फ्लॉरेन्स सुमारे ९० किलोमीटर पडते. बँकॉकसाठी ते लेम चाबांगला थांबते, जे बँकॉकपासून शंभराहून अधिक किलोमीटरवर आहे, आणि क्वालालंपूरसाठी पोर्ट क्लांगला. राजापूर रोड स्थानकावर उतरून राजापूर कोठे आहे असे विचारणाऱ्या नवख्या प्रवाशाची जी गत होते, तीच येथे होते. याउलट पेनांगला जहाज जॉर्ज टाउनच्या वेशीवरच, स्वेटनहॅम धक्क्याला लागते आणि प्रवासी पायी शहरात शिरतो. माँटेनेग्रोतील कोटोरला धक्क्यासमोरच जुन्या शहराची तटबंदी आहे. तेव्हा नकाशा उघडून धक्का आणि गाव यांतील अंतर मोजणे हे आरक्षणाच्या आधीचे काम आहे. दोन सफरींचे भाडे सारखेच असेल, तर ज्या सफरीतील बंदरे गावाला चिकटून आहेत ती घ्यावी. मग त्या जहाजावर एखादा तलाव कमी असला तरी काही बिघडत नाही.

अंतरानंतर वेळ. पत्रकावर सकाळी ८ ते संध्याकाळी ६ असे छापलेले असते आणि दहा तास मिळाले असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात जहाज धक्क्याला बांधणे, बंदर अधिकाऱ्यांची परवानगी, कागदपत्रांची तपासणी आणि उतरणाऱ्यांची रांग यांत पहिला तास सहज जातो, आणि प्रवाशांनी जहाजावर परतण्याची अंतिम वेळ ही सुटण्याच्या वेळेच्या अर्धा ते एक तास आधीची असते. म्हणजे हातात आठ तास राहतात, आणि त्यांतूनही परतीसाठी राखीव वेळ बाजूला काढावा लागतो. हा राखीव वेळ किती असावा याचा ठोकताळा मी आगारातून घेऊन आलो आहे. परतीला जी गाडी किंवा बोट धरायची तिच्या मागून आणखी एक असलीच पाहिजे, आणि त्या मागच्या गाडीनेही आपण वेळेत पोहोचलो पाहिजे. ज्या ठिकाणाहून परतायला दिवसातून एकच सोयीची गाडी आहे ते ठिकाण कितीही सुंदर असले तरी यादीतून काढून टाकावे. वस्तीची गाडी चुकली तर फार तर एक रात्र स्टँडच्या बाकावर निघते. जहाज चुकले तर पुढचे बंदर स्वखर्चाने गाठावे लागते, आणि ते परक्या देशात असेल तर व्हिसा आणि विमानाचे तिकीट यांचा घोळ निराळाच. कंपनीच्या सहलीची बस उशिरा आली तर जहाज थांबते किंवा कंपनी त्या प्रवाशांची पुढची व्यवस्था करते; स्वतः गेलेल्यांसाठी जहाज थांबत नाही. हा फरक खरा आहे आणि तो मान्य करूनच बाहेर पडावे. मात्र ज्याला एवढा हिशेब करता येतो त्याने त्या भीतीपोटी प्रत्येक बंदरात बसमध्ये बसून राहण्याचे कारण नाही.

घड्याळाची एक भानगड मात्र अनेकांच्या ध्यानात येत नाही. सिंगापूर आणि मलेशिया यांची वेळ एकच आहे. थायलंड त्यांच्या एक तास मागे आहे. जहाजाने आपले घड्याळ सिंगापूरच्याच वेळेवर ठेवले असेल, तर फुकेतच्या किनाऱ्यावर उतरताच आपला मोबाइल स्थानिक मनोरा पकडतो आणि न सांगता एक तास मागे जातो. मोबाइलमध्ये साडेतीन वाजलेले दिसतात तेव्हा जहाजावर साडेचार झालेले असतात. म्हणून मनगटावर साधे काट्यांचे घड्याळ ठेवावे, ते जहाजाच्या वेळेला लावावे आणि दिवसभर त्याला हात लावू नये. आदल्या रात्री खोलीत जे पत्रक येते त्यावर परतण्याची अंतिम वेळ आणि बंदरातील एजंटाचा दूरध्वनी क्रमांक छापलेला असतो. त्याचा फोटो काढला तरी मूळ कागदही खिशात असावा. समुद्रात असताना मोबाइल विमान मोडवर ठेवावा, नाहीतर तो उपग्रहावर चालणारे जहाजाचे महागडे नेटवर्क पकडतो आणि ते घरी बिल आल्यावरच कळते.

कोचीचे उदाहरण जरा विस्ताराने देतो. तेथे जहाज विलिंग्डन बेटाला लागते. बंदर खोल करताना उपसलेल्या गाळाची भर घालून गेल्या शतकाच्या पूर्वार्धात हे बेट तयार केले गेले, आणि त्यावर पर्यटकाने पाहावे असे फारसे काही नाही. फाटकाबाहेर रिक्षावाले आणि टॅक्सीवाले उभेच असतात व अगदी थोड्या पैशांत सगळे शहर दाखवण्याची तयारी दर्शवतात. पैसे थोडे का, तर वाटेत मसाल्यांची आणि कलाकुसरीची दुकाने येतात आणि तेथे गिऱ्हाईक पोहोचवल्याबद्दल त्यांना मोबदला मिळतो. बसच्या सहलीतही याहून वेगळे घडतेच असे नाही. आमच्या ओळखीचे दापोलीकडचे एक जोडपे अशाच एका सहलीच्या बसने कोची पाहून आले, आणि त्यांच्या सांगण्याप्रमाणे सर्वांत जास्त वेळ मसाल्यांच्या दुकानात गेला. ज्यांच्या परसात मिरवेली सुपारीवर चढलेल्या आहेत त्यांना काळी मिरी दाखवायला कोचीपर्यंत कशाला न्यायचे, हे त्या मार्गदर्शकालाच ठाऊक.

आम्ही रिक्षा केली ती फक्त बोटीच्या धक्क्यापर्यंत, आणि तेथून सरकारी बोटीने फोर्ट कोचीला गेलो. या बोटींचे भाडे अगदी किरकोळ असते. त्यांतून रोज कामावर जाणारी माणसे प्रवास करतात, त्यामुळे वेळापत्रकाला काही अर्थ असतो. जी वाहतूक केवळ पर्यटकांसाठी चालते तिच्यावर माझा तितका विश्वास नाही. एप्रिल २०२३ पासून कोचीत विजेवर चालणाऱ्या बोटींची वॉटर मेट्रोही सुरू झाली असून तिचे धक्के टप्प्याटप्प्याने वाढत आहेत. उतरल्याबरोबर मी फलकावरून परतीच्या बोटींच्या वेळा लिहून घेतल्या. पत्नीने तोवर मासेमारीच्या तेथील प्रसिद्ध चिनी जाळ्यांकडे पाठ फिरवून शेजारच्या मासळीच्या ठेल्यांकडे मोर्चा वळवला होता. मासा आपण निवडावा आणि जवळच्या खानावळीतून करून घ्यावा, अशी तेथे सोय आहे. विक्रेत्याने पुढे केलेल्या सुरमईचा कल्ला तिने बोटाने उचलून पाहिला, आतला रंग लालऐवजी तपकिरीकडे झुकलेला दिसला, आणि एक शब्दही न बोलता तिने तो मासा फळीवर परत ठेवला. त्याला मराठी येत नव्हते आणि आम्हाला मल्याळम. पण तो हसला, खालच्या बर्फातून दुसरी सुरमई काढली, या खेपेस स्वतःच कल्ला उघडून दाखवला आणि बोटांवर आधीपेक्षा कमी भाव सांगितला. आमच्या रत्नागिरीतील मिरकरवाड्याच्या मासळी जेटीवर सकाळी जे चालते तेच हे, फरक एवढाच की येथे सगळे मुक्याने झाले. चाळीस माणसांच्या घोळक्यात, झेंडा धरलेल्या मार्गदर्शकाच्या मागे धावताना असा सौदा होत नाही, आणि माझ्या पत्नीला विचाराल तर कोचीत तिने जे पाहिले त्यात पहिला क्रमांक त्या ठेल्याचाच आहे.

मासा तयार होईपर्यंत आम्ही जवळचे सेंट फ्रान्सिस चर्च पाहून आलो. वास्को द गामा १५२४ मध्ये कोचीत वारला तेव्हा त्याला तेथे पुरले होते. त्याचे अवशेष १५३९ मध्ये पोर्तुगालला नेले गेले, आणि आता तेथे ती जागा तेवढी दाखवतात. गोव्यातील ज्याच्या नावाच्या वास्को गावाशेजारून आमचे जहाज निघाले होते त्याची रिकामी कबर पाठोपाठ पाहायला मिळावी, हा योग आम्ही आखला नव्हता. मट्टनचेरीकडे जाताना मात्र वार पाहावा लागतो. पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात बांधून कोचीच्या राजाला दिलेला आणि पुढे डचांनी दुरुस्त केलेला तेथील राजवाडा, ज्याच्या भिंतींवर रामायणातील प्रसंगांची सुंदर चित्रे आहेत, तो शुक्रवारी बंद असतो. तेथून चालत जाण्याच्या अंतरावर असलेले १५६८ मधील परदेशी सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचे प्रार्थनास्थळ, शनिवारी बंद असते. जहाज शनिवारी लागणार असेल तर आखणी त्याप्रमाणे बदलावी. परदेशातही संग्रहालये बहुधा सोमवारी बंद असतात. जहाज कोणत्या वारी कोठे पोहोचते हे महिनोन्‌महिने आधी ठाऊक असताना बंद दारासमोर जाऊन उभे राहण्याची वेळ का यावी?

गोव्याबद्दल फार लिहीत नाही, कारण आमच्याकडच्या माणसाला गोवा सांगावा लागत नाही. जहाज मुरगावला लागते, पणजी तेथून सुमारे ३० किलोमीटर आहे, आणि वास्कोहून कदंबच्या, म्हणजे गोव्याच्या सरकारी, गाड्या पणजीला जातात. टॅक्सी करायची तर दर बसण्याआधी ठरवावा. जुन्या गोव्यातील चर्च आणि मंगेशी ज्यांचे अनेकदा पाहून झाले आहे त्यांनी बोगमाळोच्या वाटेवरील नौदलाचे विमान संग्रहालय पाहावे. तेही सोमवारी बंद असते.

पेनांग हे माझ्या मते दोघांनी पायी हिंडण्यासाठी उत्तम बंदर आहे. धक्क्यावरून बाहेर पडताच काही मिनिटांत फोर्ट कॉर्नवॉलिस येतो. इंग्रजांनी १७८६ मध्ये या बेटावर पाय ठेवला तेव्हाची ही जागा. पुढे भारतीय वस्तीचा भाग आहे. तेथे तमिळ खानावळींत केळीच्या पानावर भात मिळतो, त्यामुळे शाकाहारी माणसाचीही उपासमार होत नाही. जॉर्ज टाउनला २००८ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, पण तेथे माणसे अजून राहतात, दुकाने चालतात. किनाऱ्यालगत पाण्यात खांब रोवून त्यावर चिनी कुळांनी बांधलेली लाकडी घरे आहेत, आणि घराघरांतून जाणाऱ्या फळ्यांच्या वाटेवरून आपल्याला चालता येते. ज्यांना टेकडीवर जायचे आहे त्यांच्यासाठी शहर बस आहे आणि पुढे उतारावरून चढणारी दोराची रेल्वे. मात्र या रेल्वेला गर्दी फार असते. तिच्या रांगेचा वेळ हिशेबात धरल्याशिवाय जाऊ नये. आम्ही गेलो नाही, आणि त्याची खंतही वाटली नाही.

सगळीकडे स्वतःच हिंडावे असा माझा हट्ट नाही. रोमसारखे ठिकाण लांब असेल, तेथे जाण्याची इच्छा अनिवार असेल आणि रेल्वेच्या वेळा जुळत नसतील, तर कंपनीची बस घेण्यात कमीपणा मानू नये. लक्षद्वीपला तर स्वतंत्रपणे फिरण्याचा आग्रह धरूच नये. तेथे भारतीय नागरिकालाही प्रवेशाचा परवाना लागतो, तो जहाज कंपनीमार्फत होतो आणि बेटावरचा कार्यक्रमही त्याच चौकटीत बसवलेला असतो. शिवाय जहाज प्रवाळाच्या रिंगणाबाहेर खोल पाण्यात उभे राहते आणि प्रवाशांना लहान बोटींतून बेटावर नेतात. कोकणातील जुन्या माणसांना हा प्रकार नवा नाही. मुंबईहून येणारी आगबोट हर्णै, जयगड, मुसाकाजी अशा बंदरांसमोर लांब उभी राहायची आणि उतारू पडावात उतरून किनाऱ्याला यायचे. लाटेने लहान बोट वर उचलली की त्या क्षणी पाऊल टाकायचे, ती खाली जात असताना टाकायचे नाही, आणि खलाशाने हात दिला तर पंजा न धरता मनगटाच्या वर धरायचे, हे माझ्या पत्नीला माहेरच्या खाडीवर लहानपणीच शिकवलेले होते. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी मात्र अशी बंदरे आपल्या सफरीत किती आहेत हे आधी विचारून घ्यावे. ग्रीसमधील सांतोरिनीलाही जहाज समुद्रातच थांबते, आणि खालच्या धक्क्यावरून वरच्या गावात जायला पाळण्याची रांग तरी लावावी लागते नाहीतर काहीशे पायऱ्या तरी चढाव्या लागतात. हवा बिघडली तर अशी बंदरे गाळलीही जातात. करारात तशी तरतूद असते, आणि मग परत मिळाले तर बंदर शुल्कापुरते पैसे मिळतात. कंपनीव्यतिरिक्त कोणाकडे तेथील सहल नोंदवायची असेल तर जहाज न आल्यास पैसे परत मिळतील का, हे लेखी घ्यावे.

आता दोघांविषयी. बंदर हिंडायला दोन माणसे हा आकडा सोयीचा आहे. रिक्षात बसतात, खानावळीत लगेच जागा मिळते, आणि बेत बदलायचा तर कोणाचे मन वळवत बसावे लागत नाही. पण याच दोघांत एक जण पुढारी आणि दुसरा त्याचे सामान, अशी विभागणी आपल्याकडे फार दिसते. नकाशा, पैसे, जहाजाचे कार्ड, सगळे नवऱ्याच्या पाकिटात. आणि गर्दीत चुकामूक झाली की बाई परक्या गावात जहाजाचे नाव तेवढे सांगत उभी राहते. हे चुकीचे आणि धोक्याचेही आहे. दोघांकडे आपापले कार्ड, थोडे स्थानिक चलन, पारपत्राची छायाप्रत आणि एजंटाचा क्रमांक असावा, आणि उतरल्याबरोबर चुकामूक झाल्यास भेटण्याची जागा ठरवावी. ती जागा धक्क्याचे फाटक हीच बरी, कारण कोणत्याही टॅक्सीवाल्याला ती कळते. पाहण्याच्या जागांबाबत आमचा रिवाज असा की एका बंदरात एक जागा तिने निवडायची आणि एक मी. मला किल्ले लागतात, तिला बाजार. तिसरी जागा यादीत घालायची नाही. वेळ उरला तर कोठेतरी सावलीत बसायचे.

पैशांचा हिशेबही जोडप्याच्या बाजूनेच लागतो. खोलीचे भाडे दोघांच्या हिशेबाने लावलेले असते, त्यामुळे एकट्या प्रवाशाला जो भुर्दंड पडतो तो दोघांना पडत नाही. किनाऱ्यावरच्या सहलीचा दर माणशी असतो, टॅक्सीचा मात्र गाडीमागे. जेवणाच्या टेबलावर ओळख झालेले आणखी एखादे जोडपे बरोबर घेतले तर तो निम्म्यावर येतो. जाहिरातीतील भाड्यात बंदर शुल्क, कर, सेवकांसाठी रोज माणशी आकारली जाणारी बक्षिशी आणि इंटरनेट धरलेले असतेच असे नाही, तेव्हा सर्व मिळून आकडा विचारावा. विम्यात आजारपणाबरोबर समुद्रातून किनाऱ्यावर हलवण्याचा खर्च समाविष्ट आहे ना, हे पाहावे; जहाजावरचा डॉक्टर फुकट नसतो. व्हिसाचे एक कलम अनेकांना अडचणीत आणते. सिंगापूरहून निघून मलेशिया, थायलंड करून पुन्हा सिंगापूरलाच उतरायचे म्हणजे त्या देशात प्रवेश दोनदा होतो. युरोपच्या सफरीत मध्येच तुर्कस्तानचे बंदर असेल तर शेंगेन प्रदेशातही, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांतही, तसेच. व्हिसा एकाहून अधिक प्रवेशांचा हवा.

आमच्या बाजूच्या लोकांसाठी आणखी एक. मुंबईची जहाजे धरायला जाताना त्याच दिवशी सकाळी पोहोचणाऱ्या गाडीवर विसंबू नये. हंगामाच्या आरंभी, ऑक्टोबरात, कोकण रेल्वेचे पावसाळी वेळापत्रक चालू असू शकते आणि गाड्या धीम्या चालतात. आदल्या दिवशी जाऊन नातेवाइकांकडे मुक्काम करावा; जहाजे जेथून सुटतात ते बॅलार्ड पियर छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून जवळच आहे. सावंतवाडी, कुडाळकडच्या जोडप्यांनी मुरगावहून चढता येईल अशी सफर आहे का हेही विचारून पाहावे.

हे सर्व जाणाऱ्यांसाठी झाले, येणाऱ्यांचे काय? केंद्र सरकारने ३० सप्टेंबर २०२४ रोजी क्रूझ भारत मिशन सुरू केले असून २०२९ पर्यंत क्रूझ प्रवासी दुप्पट करण्याचे त्याचे उद्दिष्ट आहे. मुंबईच्या नव्या आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचे उद्घाटनही सप्टेंबर २०२५ मध्ये झाले. जुलै २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत गेलेल्या मराठ्यांच्या किल्ल्यांपैकी खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे चार आपल्या किनाऱ्यावर आहेत. उद्या एखादे जहाज येथे थांबले आणि त्यातून एक जोडपे, समजा कोचीचेच, स्वतःच्या पायांनी बाहेर पडले, तर त्यांना काय सापडेल? रत्नागिरीत उतरले तर थिबा राजवाडा आणि टिळकांचे जन्मस्थान दोन्ही शहरातच आहेत, रहाटाघर स्थानकावरून गाड्याही सुटतात. पण कोणती गाडी कोठे जाते हे देवनागरी न वाचणाऱ्याला कळायला गाडीवर मार्ग क्रमांक हवा. मालवणला सिंधुदुर्गाकडे जाणाऱ्या होड्यांच्या पहिल्या आणि शेवटच्या फेरीची वेळ, परतीचे भाडे आणि किल्ल्यात थांबायला मिळणारा वेळ जेटीवरच्या मोठ्या फलकावर दोन-तीन भाषांत लिहिलेला हवा. हर्णैहून सुवर्णदुर्गाला जायचे तर होडीवाल्याशी घासाघीस करावी लागते. तेथे ठरलेला दर हवा. विजयदुर्गाला त्या मानाने सोपे आहे, कारण एसटी किल्ल्याजवळच थांबते. आणि सर्वत्र स्त्रियांसाठी स्वच्छ, पाणी असलेले स्वच्छतागृह धक्क्यावरच हवे. यातील एकाही गोष्टीला कोट्यवधी रुपये लागत नाहीत. महाराष्ट्र मेरिटाइम बोर्डाने नव्या जेटींच्या आराखड्यात पर्यटक बससाठी जशी वाहनतळाची जागा धरावी, तसेच पायी येणाऱ्या दोघांसाठीही धरावे.

आपल्याला एक विनंती आहे. पुढचा हंगाम सुरू होण्याआधी आपल्या पुरवणीत मुंबईहून आणि मुरगावहून जाणाऱ्या जहाजांच्या बंदरांचा तक्ता छापावा. धक्का नेमका कोठे आहे, गाव किती लांब, सार्वजनिक वाहन कोणते, परतीची शेवटची भरवशाची फेरी किती वाजता आणि कोणत्या वारी काय बंद, एवढे रकाने त्यात पुरेत. सुरुवात मुरगाव आणि कोचीपासून करता येईल. गाड्यांच्या आणि बोटींच्या वेळा त्या त्या आगारात व धक्क्यांवर विचारून तपासून देण्याचे काम मी विनामूल्य करीन. आपल्या रत्नागिरी कार्यालयात मी प्रत्यक्ष येऊन भेटू शकतो.

कळावे,
आपला विश्वासू,
एक निवृत्त वाहतूक नियंत्रक,
रत्नागिरी